अर्ध्यातून उठायचं नाही

गेल्या मंगळवारी आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रामटेके साहेबांचा फोटो आला, आणि खालचा मजकूर वाचायच्या आधीच मी समजले. रिटायर झालेल्या माणसाचा फोटो ग्रुपवर येतो तो दोनच कारणांनी. एक नातवंड झालं म्हणून, आणि साहेबांना नातवंड होणार नव्हतं.

खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. कोणी 'ॐ शांती', कोणी 'ईश्वर मृतात्म्यास सद्गती देवो'. अरे, ज्या माणसाने वीसेक वर्षं लंच टाइमला तुमच्याच डब्यातली भाजी खात तुम्हाला समजावलं की आत्मा नसतो, सद्गती नसते आणि ईश्वराचा तर प्रश्नच येत नाही, त्याला मेल्यावर आत्मा चिकटवताना जरा तरी लाज वाटू द्या! असंच्या असं मी टाइप केलं. मग पुसलं. फोन पालथा घातला आणि भांडी घासायला गेले, बाई येऊन घासून गेली होती तरी.

वासुदेव रामटेके आमचे सेक्शन ऑफिसर. मूळ भंडाऱ्याकडचे, झाडीपट्टीतले. मी रूथ शिरसाठ, माहेर नगर, त्याच सेक्शनमध्ये अनुवादक. अख्ख्या मजल्यावर मराठी आम्ही दोघंच, त्यामुळे माझी इच्छा असो नसो, साहेबांचं ऐकायला मी हक्काची. ते मला 'शिरसाठबाई' म्हणत. बाकी सगळं जग मला मॅडम म्हणत असताना कुणीतरी बाई म्हणावं, हे दिल्लीत बरं वाटायचं.

साहेब पुस्तकं वाचत नसत, पुस्तकात राहत असत. तिमारपूरच्या क्वार्टरहून ऑफिसला येताना बसमध्ये वाचायचे आणि लंचला ते सगळं आम्हाला करून दाखवायचे. सांगायचे नाहीत हं, करून दाखवायचे. सासूचा आवाज वेगळा, पोलिसाचा वेगळा, मरणाऱ्या माणसाची धापसुद्धा. रडायची जागा आली की खरंच रडायचे, डोळे पुसायचे आणि वर म्हणायचे, "भिंडी बढ़िया बनी है, चोप्राजी." आणि प्रत्येक पुस्तकाचा शेवट सांगून टाकायचे. न विचारता! आमच्याच सेक्शनमधल्या या चोप्राजींनी एकदा चारशे पानांची रहस्यकथा विकत घेतली, तर साहेबांनी नुसतं मुखपृष्ठ बघून सांगितलं, "अच्छा, ये? इसमें डॉक्टर ने मारा है." चोप्राजी दोन दिवस बोलले नाहीत.

मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, काय हो ही सवय, वाचणाऱ्याची मजा घालवता.

"मजा कसली जाते, शिरसाठबाई? आमच्याकडे धान कापून झालं की गावोगाव नाटकं. संध्याकाळी बसायचं ते उजाडेपर्यंत. शेवटी कोण मरणार हे गावातल्या गुरांनासुद्धा माहीत. तरी चार कोस चालत माणसं येतात. शेवट माहीत असला म्हणजे माणूस नीट ऐकतो, घाई करत नाही."

त्यांचे वडील त्या नाटकांत गायचे. साहेब लहानपणी वडिलांच्या मंडळीबरोबर बैलगाडीतून हिंडलेले. तिथला एक नियम त्यांच्या अंगात असा मुरला होता की ऑफिसातली कंटाळवाणी मीटिंगसुद्धा ते त्याच नियमाने बसून काढायचे. अर्ध्यातून उठायचं नाही. जो अर्ध्यातून उठतो तो नाटकातलं दुःख तसंच घरी घेऊन जातो, असं त्यांची आजी म्हणे. शेवटापर्यंत बसलं की ते दुःख तिथेच मांडवात राहतं.

"म्हणजे अंधश्रद्धा आहे की तुमची," मी म्हटलं.

"अंधश्रद्धा नाही. शिस्त आहे," साहेब म्हणाले आणि माझ्या डब्यातला शेवटचा घावन उचलला.

बायको गेली तेव्हा त्यांचा सिद्धार्थ सहावीत होता. किडनीचं दुखणं, दोन वर्षं चाललं. साहेबांनी दुसरं लग्न केलं नाही, गावाहून कुणाला बोलावलं नाही. बापलेक दोघंच राहिले. रोज रात्री जेवताना एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने वाढायचं, अशी त्यांच्या घरची पद्धत. आमच्याकडे जेवताना प्रार्थना म्हणतात, यांच्याकडे कादंबरी. मी एकदा जेवायला गेले होते तर वरणभाताबरोबर एक खून आणि एक बाळंतपण झालं. सिद्धार्थ मधेच ओरडायचा, "बाबा, शेवट सांगू नका!" त्या एवढ्याशा पोराचंच काय ते साहेब ऐकायचे. सगळ्या दिल्लीला शेवट सांगत सुटलेला माणूस, पण घरात तोंडाला कुलूप.

तिमारपूरहून खाली नदीकडे उतरलं की मजनू का टिला. तिबेटी लोकांची वस्ती, अरुंद गल्ल्या, वर रंगीत पताका, खाली नूडल्सचा वास. साहेब तिथे पहिल्यांदा गेले ते पांढराशुभ्र शर्ट घालून, नातेवाइकांकडे निघाल्यासारखे. हे बौद्ध, आपण बौद्ध. आत जाऊन बघतात तर काय, लोण्याचे दिवे, राक्षसाचे मुखवटे, गरागरा फिरवायची चक्रं. साहेब हादरले. आम्ही इतक्या मेहनतीने जे सगळं घरातून बाहेर काढलं ते यांनी इथे मांडून ठेवलंय, असं मला दुसऱ्या दिवशी चिडून सांगत होते. चिडले खरे, पण पुढच्या शनिवारी परत गेले. कारण तिथे त्यांना अमाला भेटल्या होत्या.

अमाला म्हणजे तिबेटीत आई, आदराने म्हणायचं. खरं नाव डोल्मा, पण सगळी गल्ली त्यांना अमालाच म्हणायची. चार टेबलांची खानावळ, हिवाळ्यात बाहेर स्वेटरांचा ठेला. गोल चेहरा, पट्ट्यापट्ट्यांचा एप्रन आणि आवाज असा की गल्लीच्या टोकाला उभ्या रिक्षावाल्याला हाक मारली तर रिक्षा आपोआप वळावी. साहेबांनी थुकप्याच्या, म्हणजे त्यांच्या नूडल्सच्या सूपच्या, पहिल्याच वाटीवर त्यांना व्याख्यान दिलं की खऱ्या बौद्ध धम्मात पुनर्जन्म वगैरे काही नसतो, या सगळ्या मागाहून घुसलेल्या गोष्टी. अमालांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ठीक है सरजी. अगले जनम में बैठ के बात करेंगे."

साहेब एवढे हसले की थुकपा नाकात गेला. त्या दिवसापासून दोस्ती पक्की झाली. प्रत्येक शनिवारी तोच वाद, तोच थुकपा.

अमाला ल्हामोमध्ये गायच्या. ल्हामो म्हणजे त्यांच्या लोकांचं संगीत नाटक. वस्तीतली हौशी मंडळी वर्षातून एकदा मैदानात करतात, सकाळी सुरू होतं ते संध्याकाळपर्यंत. साहेबांनी मला बळेबळे नेलं. "तुम्ही चर्चमध्ये गाता ना, मग तुम्हाला कळेल," म्हणाले. मी गेले. स्टेज नाही, माईक नाही, वर नुसतं कापडाचं छत. मधे मोकळी जागा आणि चारही बाजूंनी लोक चटया टाकून बसलेले, कुणी थर्मासमधून चहा ओततंय, कुणी विणतंय, कुणी पोरांना बदडतंय. एक ढोल आणि एक झांज. आधी निळे मुखवटे घातलेले लोक येऊन जमीन शुद्ध करून गेले. मग एक माणूस पुढे आला आणि गोष्टीचा पुढचा भाग एका दमात, बँकेतल्या नोटा मोजायच्या यंत्रासारखा भराभर बोलून गेला.

"बघा! आधीच सांगून टाकली," साहेब मला कोपराने ढोसत म्हणाले. "हे तर आमचंच नाटक हो, शिरसाठबाई! फक्त थंड प्रदेशातलं."

मग अमाला गायल्या. काय सांगू! एक सूर असा वर फेकला की तो परत खाली येईल की नाही याची मला काळजी लागली. आणि त्यांचा दम संपत आला तेव्हा मागे उभी असलेली सगळी मंडळी, राजा, शिकारी, भूत, जो असेल तो, तोच सूर उचलून पुढे गेली. आमच्याकडे गाणारा एकटा गातो आणि त्याचा आवाज फाटला तर एकट्याचाच फाटतो. यांच्यात एकट्यावर सोडतच नाहीत. ल्हामोची ती रीतच आहे, असं साहेबांनी सांगितलं.

दुपारी तीनला माझी पाठ मोडली. उठायला लागले तर साहेबांनी असा हात धरला की काय विचारता! "अर्ध्यातून उठायचं नाही." सिद्धार्थ तेव्हा असेल तेरा-चौदा वर्षांचा. तो केव्हाच बापाच्या मांडीवर डोकं टाकून झोपला होता. संध्याकाळी सगळ्यांनी मूठ मूठ सातूचं पीठ हवेत उधळलं, ते आमच्या डोक्यावर पडलं, आणि नाटक संपलं. साहेबांनी पोराच्या केसांतलं पीठ झटकलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "ऊठ सिद्धा, संपलं."

त्यांचे वडील त्यांना उजाडताना तसंच उठवायचे म्हणे. पोरगं डोळे चोळत म्हणतं, "शेवट सांगू नका हं. पुढच्या वर्षी जागा राहीन."

पुढे सिद्धार्थ शिकत गेला. पीएच.डी. करायला लागल्यावर मुनिरक्याला खोली घेऊन राहिला, युनिव्हर्सिटीजवळ. घरी राहून रोजचा प्रवास झेपत नाही म्हणाला. साहेबांनी लगेच होकार दिला आणि महिनाभर ऑफिसात फायली उलट्या वाचत बसले. दिल्लीत वाढलेल्या आमच्या सगळ्या पोरांचं होतं तसं त्याचंही मराठी झिजत चाललं होतं. म्हणून साहेबांनी त्याला एक जाडजूड मराठी कादंबरी दिली, कोसा रेशीम विणणाऱ्या एका घराची, तीन पिढ्यांची. लेखकाचं नाव कुणी ऐकलेलं नाही. साहेबांच्या मते मात्र तसं पुस्तक दुसरं झालं नाही. सिद्धार्थ ते रोज थोडं थोडं वाचायचा आणि अडलेला शब्द विचारायला संध्याकाळी फोन करायचा. साहेब फोन घेऊन कॉरिडॉरमध्ये जायचे आणि परत आले की चेहरा बघण्यासारखा असायचा. "आज 'ताणा' विचारला, मागावरचे उभे धागे," म्हणायचे. एखाद्याचा मुलगा परदेशातून डॉलर पाठवतो म्हणून तो सांगतो ना, त्या थाटात.

एका बुधवारी त्याने 'कांडी' विचारला. साहेबांनी सांगितलं, सूत गुंडाळतात ती नळी. तो हसला, म्हणाला, "अच्छा, मैं समझा कैंडल, मोमबत्ती." गुरुवारी फोन आला नाही. शुक्रवारी घरमालकाचा आला.

सिद्धार्थने त्या खोलीत स्वतःला संपवलं होतं. चिठ्ठी नाही, काही नाही. लोकांनी आपापल्या परीने कारणं आणून दिली. कुणी म्हणालं गाइड बदलला होता, कुणी म्हणालं मुलगी असेल. साहेबांचा धाकटा भाऊ भंडाऱ्याहून आला होता. तो म्हणाला, जातीवरून छळलं असणार, केस करा. साहेब गेले, चार दारं ठोठावली, चार खुर्च्यांवर बसून आले. हाती काही लागलं नाही, किंवा लागू दिलं नाही. मी एकदा त्यांच्याबरोबर होते. समोरचा माणूस 'वी आर व्हेरी सॉरी' म्हणता म्हणता घड्याळ बघत होता. मला त्याच्या कानशिलात मारावीशी वाटली, अजूनही वाटते.

विद्युतदाहिनीपाशी भावाने त्रिशरण म्हटलं. साहेबांच्या तोंडून शब्द फुटला नाही. आमच्यात निदान फादर येऊन उभा राहतो, काय बोलायचं ते त्याला पाठ असतं, माणसाने नुसतं आमेन म्हणायचं. साहेबांनी सगळं घरातून काढून टाकलेलं. त्या दिवशी धरायला त्यांच्यापाशी काहीच नव्हतं.

भाऊ चार दिवसांनी परत गेला आणि साहेब अमालांच्या खानावळीत जाऊन बसले. हे मला नंतर अमालांनीच सांगितलं. बराच वेळ बसल्यावर साहेबांनी विचारलं, "आपके यहाँ क्या करते हैं?"

अमाला म्हणाल्या, आमच्यात सात हफ्ते माणूस कुठे जात नाही. घाबरलेला असतो, वाट सापडत नाही. म्हणून लामा त्याच्यापाशी बसून मोठ्याने वाचतो. डरो मत, असं असं दिसेल, इकडे जा. सात हफ्ते झाले की तो निघतो.

"तिब्बती में पढ़ते होंगे," साहेब म्हणाले. "मेरे लड़के को तिब्बती नहीं आती."

"भाषा कौन देखता है, सरजी. आवाज पहचानता है."

दुसऱ्या दिवसापासून साहेब ऑफिस सुटल्यावर मुनिरक्याला जायला लागले. घरमालक त्या खोलीत हवन करून घ्यायच्या मागे होता. त्याशिवाय नवा भाडेकरू यायचा नाही म्हणे. साहेबांनी त्याला सांगितलं, सात हफ्ते थांब, मग हवन कर नाहीतर घर पाड. सिद्धार्थच्या उशाशी ती कादंबरी होती. दोन तृतीयांश वाचून झालेली, खूण म्हणून चॉकलेटची चांदी घातलेली. साहेबांनी चांदीच्या पानापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

रोज थोडं थोडं वाचून संध्याकाळी सात-साडेसातला उठायचे आणि तिमारपूरला परतायचे. भावाला कुठूनसं कळलं. त्याचा फोन आला तेव्हा मी समोरच होते, त्याचा आवाज मला इथपर्यंत ऐकू येत होता. "दादा, हे काय लावलंय? बापाने आज्याच्या वेळी केस उतरवले नाहीत, गावाने वाळीत टाकलं तरी! आणि तुम्ही लामांच्या नादी लागून मेलेल्याचं श्राद्ध घालता?"

"श्राद्ध नाही घालत," साहेब म्हणाले. "पुस्तक वाचतोय."

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. तो चेहरा मी विसरणार नाही. "मला माहीत आहे हो, कोणी ऐकत नाही. इतकी वर्षं मीच सगळ्यांना सांगितलं. पण शिरसाठबाई, ऐकत असला तर?"

मी बाटलीतलं पाणी त्यांना दिलं.

एका संध्याकाळी न राहवून मी त्यांच्यामागे मुनिरक्याला गेले. तिथे एका बाल्कनीतून समोरच्या बाल्कनीत चहाचा कप देता येतो, अशी घरं. वर विजेच्या तारांचं जंगल, ऊन खाली पोचत नाही. तिसऱ्या मजल्यावरची ती खोली. दार उघडं ठेवून साहेब खुर्चीवर बसले होते आणि रिकाम्या कॉटकडे तोंड करून वाचत होते. सगळे आवाज काढून. म्हातारा कोष्टी, त्याची सून, सावकार. शेजारच्या खोल्यांतली ईशान्येकडची पोरं आपल्या दारात गुपचूप उभी. एक अक्षर कळत नसेल त्यांना. वाचता वाचता एक शब्द आला तसे साहेब थांबले, चष्म्यावरून कॉटकडे बघून म्हणाले, "धोटा म्हणजे, बरं का सिद्धा, कांडी ज्यात बसवतात तो. इकडून तिकडे पळतो तो," आणि हाताने पळवून दाखवला. मग पुढे वाचायला लागले.

मी जिना उतरून खाली आले आणि मोमोवाल्याच्या ठेल्याला धरून उभी राहिले. तो बिचारा विचारत होता, दीदी, व्हेज की चिकन.

सातवा आठवडा जवळ आला तसे साहेब वाचण्यात कुचराई करायला लागले. काल दोनच पानं, आज तर एकच. पुस्तकाचं एक प्रकरण उरलं होतं. ते वाचलं की संपणार, आणि अमालांच्या हिशेबाने संपलं की पोरगा निघणार. ज्या गोष्टीवर काडीचा विश्वास नाही तिच्याच भीतीने माणूस पाण्यासारखा झाला होता. शेवटच्या दिवशी, रविवार होता, सकाळी त्यांचा फोन आला. "तुम्ही याल का? मला एकट्याला जमेल असं वाटत नाही."

अमालाही आल्या. कश्मीरी गेटच्या पलीकडे त्या वर्षानुवर्षं गेल्या नव्हत्या. मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर माझा दंड एवढा घट्ट धरला की वळ उठला. एप्रन धुतलेला, हातात सातूच्या पिठाची पिशवी. दुपार होती. खोलीत एक कॉट, एक खुर्ची, भिंतीवर चिकटवलेलं टाइमटेबल. आम्ही दोघी दाराशी जमिनीवर बसलो. साहेबांनी वाचायला घेतलं.

चांगलं वाचत होते. दोन पानं उरली तेव्हा थांबले. पुस्तक मिटून बोट मधे ठेवलं.

"बस. बाकी पुढच्या आठवड्यात."

"नहीं सरजी," अमाला म्हणाल्या. "आज."

"त्याने सांगितलंय शेवट सांगू नका म्हणून." मग भान आल्यासारखे हिंदीत म्हणाले, "उसने बोला था, एंड मत बताना. हमेशा बोलता था."

बाहेर कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता. मग अमाला अगदी हळू म्हणाल्या. तो दणदणीत आवाज इतका खाली येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

"आप ही बोलते हो, बीच में नहीं उठना. वो आपका लड़का है, नहीं उठेगा. बैठा है. कब तक बिठाओगे?"

साहेबांनी बोट काढलं आणि पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर आवाज नीट होता. दुसऱ्यावर फाटायला लागला. ओळ सुरू करायचे आणि मधेच हवा संपायची, नुसते ओठ हलायचे. तेव्हा अमालांनी मागून एक सूर धरला. शब्द नाहीत, नुसता सूर, त्यांच्या ल्हामोत धरतात तसा. साहेबांना मराठीत पुढे न्यायला मात्र त्यांच्याकडे शब्द नव्हते. ते माझ्याकडे होते. मी उठून साहेबांच्या खांद्यामागे उभी राहिले आणि ओळीवर बोट ठेवून त्यांच्याबरोबर मोठ्याने वाचायला लागले. ते थांबले की मी, मी हुंदक्याने थांबले की ते. असं करत करत आम्ही शेवटच्या वाक्याला पोचलो.

तो शेवट मी इथे सांगणार नाही. सिद्धार्थला आवडायचं नाही.

साहेबांनी पुस्तक मिटलं. चॉकलेटची चांदी खिशात ठेवली. मग कॉटवर जरा वाकले, उशीवरून हात फिरवला, जसं काही तिथे पीठ सांडलंय आणि ते झटकायचंय.

"ऊठ सिद्धा," म्हणाले. "संपलं."

अमालांनी पिठाची पिशवी उघडली नाही. तशीच मांडीवर धरून बसल्या.

त्यानंतर महिन्याभरात साहेबांनी मुदतीआधीच रिटायरमेंट घेतली आणि गावी गेले. मला त्यांचे फोन येत, तब्येतीचं विचारत, पुस्तकाचं एक अक्षर नाही. मी एकदा मुद्दाम विचारलं, काय वाचताय हल्ली? म्हणाले, पेपर. म्हणजे त्या मुनिरक्याच्या खोलीत बाप लेकाला वाट दाखवून आला आणि स्वतः तिथेच राहिला, असं मला वाटतं. अमालांना मी परवा जाऊन बातमी सांगितली. त्यांनी खानावळीचं शटर अर्धं ओढलं आणि मला विचारलं की आता सरजींसाठी कोण वाचणार. मी बघते म्हटलं. मराठी पुस्तकं माझ्याकडे फार नाहीत, पण आहेत.

साहेब डोळ्यांसमोर येतात ते मात्र त्या रविवारचे. आम्ही निघालो. अमाला आधी बाहेर पडल्या, मग मी. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून मी मागे वळून बघितलं, कुलूप लावायला जमतंय की नाही म्हणून. साहेब अजून आतच होते. त्यांनी दार पुरतं उघडलं होतं आणि ते भिंतीला पाठ लावून, अंग चोरून उभे होते, आतून कुणी बाहेर येत असलं की आपण वाट देतो तसे. जरा वेळ तसेच थांबले. एखाद्याला चपला घालायला लागतो, तेवढाच. मग बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.